विजेच्या मोटारीची व्यवहार्यता : मनमाड येथील परिस्थितीच्या आधारे एक विवेचन

विजेवर चालणारे वाहन ही मनमाडकरांना अपूर्वाईची वस्तू नव्हे. गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ या जंक्शनावरून विजेची एंजिने धावत आहेत आणि रुळांवरील तारांतून वाहणारा पंचवीस हजार व्होल्टांचा प्रवाह हा तेथील नित्याच्या दृश्याचा भाग होऊन बसला आहे. असे असूनही त्याच गावातील एखाद्या गृहस्थाने विजेची मोटार घ्यावयाचे मनात आणले की शेजारी, आप्त व सहकारी त्याला पहिला प्रश्न विचारतात तो असा, की वाटेत वीज संपली तर काय कराल? रेल्वेच्या एंजिनाविषयी हा प्रश्न कोणी विचारीत नाही. कारण उघड आहे. एंजिन आपली वीज बरोबर घेऊन जात नाही. तार त्याच्या डोक्यावरून अखंड चालत असते. मोटारीला मात्र आपली शिदोरी पाठीवर बांधून निघावे लागते. विजेच्या मोटारीसंबंधीचा सगळा वाद या शिदोरीचा आहे. मोटर, चाके, गती यांविषयी आता फारसे विवाद्य असे काही उरलेले नाही.

शिदोरी किती जड पडते हे एका तुलनेवरून ध्यानात येईल. एक लिटर पेट्रोलात सुमारे नऊ युनिट उष्णता-ऊर्जा असते व त्याचे वजन पाऊण किलोग्रॅमच्या आसपास भरते. चाळीस युनिट वीज साठविणारी बॅटरी मात्र पावणेतीनशे ते तीनशे किलोग्रॅम वजनाची असते. पेट्रोलचे एंजिन आपल्या उष्णतेपैकी जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचविते, विजेची मोटर पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक पोहोचविते, म्हणून हे अंतर व्यवहारात पुष्कळ कमी होते. तरी ते नाहीसे होत नाही. २००१ साली बंगळूरहून निघालेली ‘रेव्हा’ ही लहान मोटार शिशाच्या बॅटरीवर एका भरणात सुमारे ८० किलोमीटर जात असे. जानेवारी २०२० मध्ये टाटांनी बाजारात आणलेल्या ‘नेक्सॉन’च्या विद्युत्-आवृत्तीत ३०.२ युनिटांची लिथियम बॅटरी होती आणि तिच्यासाठी ३१२ किलोमीटरांचा पल्ला प्रमाणित झाला होता. एकोणीस वर्षांत झालेली ही प्रगती लहान म्हणता येणार नाही.

परंतु प्रमाणित पल्ला हा प्रयोगशाळेतील ठरावीक चालीवर मोजलेला असतो. वरच्या आकड्यांचा भागाकार केल्यास दर युनिटास दहा किलोमीटरांहून अधिक पडतात. रस्त्यावर, वातानुकूलन चालू असताना, चार माणसे बसलेली असताना, सामान्यतः सहा ते आठ किलोमीटरच पडतात. पुढील विवेचनात सात हा आकडा धरला आहे.

चाळीस युनिटांची बॅटरी असलेली एक मोटार मनमाडहून चांदवडमार्गे नाशिकला जाऊन परत येते असे मानावे. हे अंतर जाऊन-येऊन सुमारे १८० किलोमीटर आहे. कोणीही शहाणा मालक बॅटरी पूर्ण रिती होऊ देत नाही. पंधरा टक्के शिल्लक राखली तर ३४ युनिट हाती राहतात व त्यांवर २३८ किलोमीटर जाता येते. नाशिक आरामात पार पडते. आता हीच मोटार आठ वर्षांची झाली आहे असे समजावे. कारखानदार सामान्यतः आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोपर्यंतची हमी देतात, आणि त्या मुदतीत बॅटरीची धारणशक्ती सुमारे पाचव्या हिश्शाने घटू शकते हे गृहीतच असते. तसे झाल्यास पल्ला १९० वर येतो. वैशाखात वातानुकूलनामुळे त्यातला दहावा भाग गळाला की उरतात १७१. म्हणजे जो प्रवास खरेदीच्या वर्षी निश्चिंतपणे होत होता, तोच आठव्या वर्षी वाटेत कोठेतरी थांबल्यावाचून होत नाही. मोटार विकत घेताना केलेला हिशेब हा नव्या बॅटरीचा असतो. मालकी मात्र जुन्या होत जाणाऱ्या बॅटरीची असते. ही गोष्ट विक्रेत्याच्या पत्रकात सापडत नाही. त्यातही उष्णता ही लिथियम बॅटरीची शत्रू आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांवर जाणाऱ्या प्रदेशात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारीचे आयुष्य छपराखालच्या मोटारीइतके असेल असे मानणे धाडसाचे होईल.

घाटाचे भय मात्र बरेचसे अनाठायी आहे. दीड हजार किलोग्रॅमची मोटार समुद्रसपाटीवरून इगतपुरीच्या उंचीपर्यंत, म्हणजे सुमारे सहाशे मीटर, चढवावयास शुद्ध गणिताने अडीच युनिट ऊर्जा लागते. मोटरमधील घट धरून ती तीन युनिट होते असे म्हणावे. कसारा घाट चढण्याचा खर्च म्हणजे वीस-एकवीस किलोमीटर सपाटीवरच्या प्रवासाइतका. आणि उतरताना त्यातील बराचसा भाग मोटर उलट जनित्र होऊन बॅटरीत परत भरते. याच घाटातून उतरणारी रेल्वेची आधुनिक एंजिने आपली वीज अशीच तारेत परत सोडतात.

खरी अडचण प्रवासात उद्भवत नाही, ती रात्री घरी उद्भवते. विजेच्या मोटारीची व्यवहार्यता ती कोठे जाते यापेक्षा ती कोठे उभी राहते यावर अधिक अवलंबून आहे, हे या विषयाच्या चर्चेत फारसे बोलले जात नाही. पेट्रोलची मोटार गल्लीच्या तोंडाशी, देवळाच्या भिंतीलगत किंवा मैदानात कोठेही उभी करून ठेवता येते. विजेच्या मोटारीला मालकाच्या मीटरपासून निघालेल्या तारेच्या टप्प्यात उभे राहावे लागते. मनमाडसारख्या गावात, जेथे रेल्वेच्या चाळी व वसाहती आहेत, जुन्या वस्तीतील बोळ आहेत आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारा नोकरवर्ग मोठा आहे, तेथे ही अट पुष्कळांना आपोआप बाद करते. भाडेकरूला भिंतीत नवी तार घालावयास घरमालकाची संमती लागते. सरकारी निवासात राहणाऱ्याला खात्याची. तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडलेली तार हा उपाय नव्हे, तो अपघाताचा आरंभ आहे.

ज्याचे घर स्वतःचे आहे आणि ज्याला अंगण आहे त्याचा प्रश्नही लगेच सुटत नाही. वीजबिलावर ‘मंजूर भार’ म्हणून एक आकडा छापलेला असतो व तो बहुसंख्य ग्राहकांनी कधी वाचलेला नसतो. साध्या घराचा मंजूर भार पुष्कळदा एक-दोन किलोवॉटांचा असतो. पंधरा-सोळा अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून मोटार भरावयाची तर तीन किलोवॉटांच्या आसपास भार एकट्या मोटारीचाच पडतो; भिंतीवर बसवावयाच्या सात किलोवॉटांच्या यंत्राची गोष्ट वेगळीच. पाणी तापविण्याचा गीझरही तितकाच भार घेतो, मग त्याला कोणी का अडवीत नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याचे उत्तर वेळेत आहे. गीझर पंधरा-वीस मिनिटे चालतो, मोटार दहा-दहा तास भरत राहते. जी तार वीस मिनिटांत जेमतेम कोमट होते ती रात्रभरात वितळण्याइतकी तापू शकते. म्हणून मीटरपासून स्वतंत्र, जाड तारेची वाहिनी ओढणे व भार वाढवून घेणे ही मोटारीच्या किमतीतच धरावयाची बाब होय.

अर्थिंगची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. मोटार भरणारे यंत्र आधी जमिनीशी असलेली जोडणी तपासते आणि ती समाधानकारक नसेल तर भरणच सुरू करीत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणाची, उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होणारी जमीन विजेला सहजासहजी वाट देत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून वेळोवेळी पाणी ओतावे लागते ते याचसाठी. ज्या गावात नळाला पाणी दिवसच्या दिवस येत नसे व पिंपे, टाक्या भरून ठेवणे हा वर्षानुवर्षे गृहव्यवस्थेचा भाग होता, त्या गावात मोटार चालावी म्हणून जमिनीत पाणी ओतावयाचे, हा योगायोग चमत्कारिक खरा. पण त्याच सवयीचा दुसरा एक उपयोग आहे. जे मिळेल ते मिळेल त्या वेळी साठवून ठेवावे, उद्याच्या भरवशावर टाकी अर्धी ठेवू नये, ही मनमाडच्या कुटुंबांची सहजवृत्ती आहे. आणि विजेची मोटार सांभाळण्यास नेमकी हीच वृत्ती लागते. रात्री दोन तास वीज गेली तर तीन किलोवॉटांच्या हिशेबाने सहा युनिट, म्हणजे चाळीसच्या आसपास किलोमीटर, बुडतात. रोज थोडे थोडे भरणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. बॅटरी तळाला जाईपर्यंत वाट पाहणाऱ्याची मात्र सकाळ त्यामुळे वाया जाते.

आता खर्चाकडे वळावयास हरकत नाही. सर्वसाधारण समजूत अशी, की वीज पेट्रोलच्या मानाने इतकी स्वस्त आहे की हिशेबाची गरजच नाही. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर चढत्या श्रेणीचा आहे, ही वस्तुस्थिती या समजुतीत विसरली जाते. पहिल्या शंभर युनिटांचा दर सर्वांत कमी. १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांचा त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यापुढे आणखी चढा. घरातले दिवे, पंखे, शीतकपाट यांनी पहिली पायरी आधीच व्यापलेली असते. मोटारीच्या वाट्याला येते ती वरची पायरी. तेव्हा मोटारीचा खर्च काढताना बिलाची सरासरी घेणे ही चूक आहे. शेवटच्या युनिटाचा दर घ्यावयास हवा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास सीमान्त दराची कल्पना नवी नाही, पण ती घरच्या बिलाला लावून पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून काही आकडे गृहीत धरले तर पुढीलप्रमाणे दिसते. मीटरमधून निघालेल्या विजेपैकी बारा टक्के भरताना वाया जाते असे धरल्यास मीटरच्या एका युनिटावर सव्वासहा किलोमीटर पडतात. मधल्या पायरीचा दर करासह १३ रुपये मानला तर किलोमीटरला सुमारे २.१० रुपये, वरच्या पायरीचा १८ रुपये मानला तर २.९० रुपये. पेट्रोल लिटरला १०४ रुपये व मोटार लिटरला १६ किलोमीटर जाणारी मानल्यास किलोमीटरला ६.५० रुपये. मधल्या पायरीवर बचत ४.४० रुपयांची. विजेची मोटार तिच्या जोडीच्या पेट्रोल मोटारीपेक्षा तीन लाखांनी महाग मिळाली असे समजल्यास हा अधिक खर्च भरून निघण्यास ६८ हजार किलोमीटर चालावे लागते. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्यास पाच वर्षे आठ महिने. महिन्याला तीनशे फिरणाऱ्यास जवळजवळ एकोणीस वर्षे. यात कर्जावरील व्याज धरलेले नाही; उलट बाजूस तेल बदलणे, क्लच, धूरनळी इत्यादींचा वाचणारा खर्चही धरलेला नाही. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या मोटारीवरील वस्तू व सेवा कर पाच टक्क्यांवर आणला गेला आणि राज्याच्या २०२१ च्या व पुढे २०२५ च्या धोरणांनी वाहनकरातही सवलती ठेवल्या, म्हणूनच किमतीतील फरक इतका आवाक्यात आलेला आहे. तथापि २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारींवरील कर अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर उतरल्यामुळे तो पुन्हा काहीसा रुंदावला, हेही नोंदविणे प्राप्त आहे.

या हिशेबातून एक विसंगती पुढे येते. गावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणे हा मनमाडातील मोटारीचा रोजचा उपयोग. दूरचा प्रवास निघाला की मनमाडकर पंचवटी एक्सप्रेस धरतो. अशा मालकाला पल्ल्याची काळजी कधीच पडत नाही, म्हणजे विजेची मोटार त्याला सर्वांत सोयीची. पण तो इतका कमी फिरतो की पैशाच्या दृष्टीने ती त्याला कधीच परवडत नाही. जो पुष्कळ फिरतो त्याला ती परवडते, आणि सोयीचे प्रश्नही त्यालाच पडतात.

पुष्कळ फिरणारा असा एक वर्ग मनमाडात ठळकपणे आहे. तो म्हणजे स्टेशनाबाहेरून शिर्डीच्या भाविकांना नेणारे भाड्याच्या गाड्यांचे मालक-चालक. २००९ साली शिर्डीला स्वतःचे स्टेशन झाले, तरी दूरच्या पुष्कळ गाड्या मनमाडलाच थांबतात व तेथून येवला-कोपरगावमार्गे साठेक किलोमीटरांचा प्रवास मोटारीने होतो. जाऊन-येऊन १२० किलोमीटर. दिवसाला दोन खेपा म्हणजे २४०. महिन्यातले पंचवीस दिवस धरल्यास ६,००० किलोमीटर. ठरावीक रस्ता, ठरावीक अंतर आणि शिर्डीत भाविक दर्शनास गेले असता दोन-तीन तास उभे राहणे, या तिन्ही गोष्टी विजेच्या मोटारीस अनुकूल आहेत. वाहनतळावर सात किलोवॉटांचे यंत्र असेल तर दोन तासांत चौदा युनिट भरतात, म्हणजे परतीची खेप पदरात पडते.

मात्र या चालकाची तुलना पेट्रोलशी करणे बरोबर नाही. त्याच्यापुढचा खरा पर्याय नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या गाडीचा आहे. वायू किलोस ९० रुपये व गाडी किलोस २४ किलोमीटर जाणारी धरल्यास खर्च किलोमीटरला ३.७५ रुपये पडतो. सहा हजार किलोमीटरांस सुमारे ९६० युनिट लागतात. घरगुती मीटरवर ते जवळजवळ सगळे वरच्या पायऱ्यांवर जातात, आणि सार्वजनिक केंद्रावर युनिटास २० रुपये मोजले तरी खर्च २.९० रुपयांच्या घरात राहतो. बचत उरते किलोमीटरला पंच्याऐंशी पैशांची, महिन्याला ५,१०० रुपयांची. गाडी पाच लाखांनी महाग धरली तर ती फिटण्यास ९८ महिने लागतात. याच चालकास स्वतंत्र जोडणीवर दहा रुपये दराने वीज मिळाली असे मानले, तर खर्च १.६० रुपये, बचत महिन्याला १२,९०० रुपये, आणि अवधी ३९ महिने. गाडी तीच, रस्ता तोच, भाविक तेच. मीटर कोणत्या वर्गात बसतो एवढ्यावर आठ वर्षांची सव्वातीन वर्षे होतात. आकडे बदलतील, गाडी सात आसनांची व भरलेली असल्यास दोन्ही बाजूंचे किलोमीटर घटतील, पण प्रमाण पालटणार नाही. वीजजोडणीचा वर्ग ठरवून घेणे हे अशा मालकाचे पहिले काम आहे, गाडीचा रंग व बनावट निवडणे हे नंतरचे.

त्याच्यापुढे आणखी एक संकट आहे व ते अधिक गंभीर आहे. महिन्याला सहा हजार किलोमीटर चालणारी गाडी १,६०,००० किलोमीटरांची मर्यादा सत्तावीस महिन्यांत ओलांडते. कर्ज पाच वर्षांचे असेल तर निम्म्याहून अधिक हप्ते हमी संपल्यानंतर भरावयाचे असतात. २०२५ पासून काही कारखान्यांनी अधिक दीर्घ मुदतीची हमी देऊ केली आहे, पण ती खासगी वापर करणाऱ्या पहिल्या मालकासाठी. बॅटरीचा जागतिक सरासरी भाव २०१० साली साठवणीच्या दर युनिटामागे हजार डॉलरांहून अधिक होता, तो २०२४ साली सव्वाशेच्या आत आला, हे नव्या ग्राहकाला सुखावणारे असले तरी जुन्या मालकाला तितकेसे नाही. नवी गाडी स्वस्त होते तसतसा जुनीचा विक्रीभाव कोसळतो.

गावाच्या अर्थव्यवस्थेचा याच्याशी असलेला संबंध वेगळ्याच दिशेने येतो. मनमाडजवळच्या पानेवाडी परिसरात तेल कंपन्यांची मोठी साठवण-केंद्रे आहेत. मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यातून तेल नळाने तेथे येते आणि टँकरांनी राज्याच्या मोठ्या भागात जाते. पेट्रोलचा तुटवडा मनमाडला पडू नये अशी ही स्थिती. तरीही १ जानेवारी २०२४ रोजी अपघातासंबंधीच्या नव्या कायद्यातील कलमाविरुद्ध टँकरचालकांनी काम थांबविले, तेव्हा पानेवाडीची केंद्रे ठप्प झाली व राज्यात ठिकठिकाणी पंपांवर रांगा लागल्या. त्या दोन दिवसांत विजेच्या मोटारींच्या मालकांना समाधान वाटले असेल तर ते स्वाभाविकच होते. पण टँकरचालक, क्लीनर, गॅरेजवाले अशी कित्येक कुटुंबे याच तेलावर जगतात, ही त्या चित्राची दुसरी बाजू.

धुराविषयी थोडक्यात सांगता येण्यासारखे आहे. भारतातील एका युनिट विजेमागे सरासरीने ०.७ किलोग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वरच्या हिशेबाने किलोमीटरला ११२ ग्रॅम. लिटरला सोळा जाणारी पेट्रोल मोटार किलोमीटरला १४४ ग्रॅम सोडते, शुद्धीकरण व वाहतूक वेगळी. लाभ आहे, पण ‘धूररहित’ हे विशेषण त्यास शोभत नाही. मनमाडच्या रस्त्यावरचा धूर काही अंशी एकलहऱ्याच्या किंवा दुसऱ्या एखाद्या औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघतो इतकेच. छपरावर सौरपट्ट बसविणाऱ्याची गोष्ट निराळी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत तीन किलोवॉटांच्या संचास ७८,००० रुपयांचे अनुदान ठेवले गेले, आणि दिवसा तयार होणारी वीज जाळ्यात जमा करून रात्री मोटारीसाठी उचलणे अशा घराला शक्य होते. पण त्यासाठीही पुन्हा स्वतःचे छप्पर लागते.

ज्यांना छप्पर व अंगण दोन्ही नाहीत त्यांच्यासाठी आजवरचे प्रयत्न मुख्यतः हमरस्त्यांवरील शीघ्र भरणकेंद्रांकडे वळलेले आहेत. समृद्धी महामार्गाने जाणाऱ्यास ती हवीतच. मनमाडच्या मोटारधारकाची गरज मात्र निराळी आहे. नोकरीसाठी रोज नाशिककडे जाणारा माणूस सकाळी आपले वाहन स्टेशनाजवळ लावतो आणि संध्याकाळी परत येतो. मधले आठ-दहा तास ते उन्हात निष्क्रिय उभे असते. त्या वाहनतळावर छप्पर, चांगले अर्थिंग आणि प्रत्येक जागेपाशी मीटर लावलेले एक साधे सोळा अँपिअरचे सॉकेट असले तर आठ तासांत चोवीस युनिट भरतात. त्यांवर दीडशे किलोमीटर होतात, म्हणजे गावात व शेजारच्या खेड्यांत हिंडणाऱ्या मोटारीची आठवड्याची बेगमी एका दिवसात होते. शीघ्र भरणयंत्रास जो स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर व जी भारी वाहिनी लागते तिची येथे आवश्यकता पडत नाही. दहा सॉकेट एकाच वेळी चालू राहिली तरी भार तीस किलोवॉटांचा, म्हणजे एका लहानशा शीघ्र यंत्राइतकाच होतो, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या दहा जणांची सोय त्यात लागते.